एकवीस कमानींचा पूल: ग्लेनफिनन कसे पाहावे

बँक ऑफ स्कॉटलंडच्या दहा पौंडांच्या नोटेच्या मागच्या बाजूला एक रेल्वेपूल छापलेला आहे. करड्या रंगाचा, चंद्रकोरीसारखा वळलेला, एकसारख्या कमानींचा. पश्चिम स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातला हा ग्लेनफिननचा पूल. हॅरी पॉटरच्या चित्रपटांमुळे तो जगभर पोहोचला आणि आता उन्हाळ्यात दररोज शेकडो माणसे त्याच्या समोरच्या उतारावर कॅमेरे सरसावून उभी असतात. वाफेची गाडी येते, फोटो निघतात, गाडी जाते आणि गर्दी पांगते.

एवढ्यावर परतणाऱ्याला पुलाची खरी ओळख होत नाही. हा पूल देखावा म्हणून बांधलेला नाही. गरीब कोळी-शेतकऱ्यांच्या मुलखातून मासे बाजारात नेण्यासाठी, हाताशी असलेल्या स्वस्तात स्वस्त साहित्यातून तो उभा राहिला आणि सव्वाशे वर्षे रोजचे काम करत आला. तो का बांधला, कसा बांधला आणि पाहायला जायचे तर कसे जावे, हे या लेखात क्रमाने पाहू.

ठिकाण

स्कॉटलंडच्या उत्तर आणि पश्चिम भागातल्या डोंगराळ प्रदेशाला हायलँड्स म्हणतात. ब्रिटनमधले सर्वात उंच शिखर बेन नेव्हिस (१३४५ मीटर) याच प्रदेशात आहे. त्याच्या पायथ्याशी फोर्ट विल्यम हे गाव आहे. तिथून पश्चिमेला समुद्रकाठच्या मॅलेग बंदरापर्यंत सुमारे ६५ किलोमीटरचा एकेरी रेल्वेमार्ग जातो. या मार्गावर, फोर्ट विल्यमपासून रस्त्याने २७ किलोमीटरच्या आसपास, ग्लेनफिनन हे छोटे खेडे लागते.

'ग्लेन' म्हणजे डोंगरांमधली अरुंद दरी. फिनन नदी या दरीतून दक्षिणेकडे वाहत येते आणि लॉख शील नावाच्या लांबट सरोवराला मिळते. स्थानिक भाषेत सरोवराला 'लॉख' म्हणतात. रेल्वेमार्ग पूर्वेकडून येतो, दरीत शिरतो, वळण घेत नदी ओलांडतो आणि पलीकडच्या उतारावरून चढत ग्लेनफिनन स्टेशनात पोहोचतो. ही ओलांडणी म्हणजेच आपला पूल.

माशांसाठी आणलेली रेल्वे

एकोणिसाव्या शतकात हायलँड्समधली कुळे हालाखीत होती. मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमीनमालकांनी हजारो कुटुंबांना पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनीवरून हुसकावले होते. जी माणसे मागे राहिली ती समुद्रकाठच्या तुटपुंज्या शेतांवर आणि मासेमारीवर गुजराण करत होती. १८८० च्या दशकात हा असंतोष उफाळून आला. तेव्हा सरकारने १८८३ साली कुळांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी लॉर्ड नेपियर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. हे तेच नेपियर, जे त्याआधी मद्रासचे गव्हर्नर होते आणि १८७२ साली काही काळ भारताचे हंगामी व्हाइसरॉयही होते.

या मुलखाची एक मोठी अडचण वाहतुकीची होती. पश्चिम किनाऱ्यावर हेरिंग मासा भरपूर मिळे, पण तो नासायच्या आत शहरातल्या बाजारात पोहोचवायची सोय नव्हती. कोकणातल्या कुठल्याही बंदरावर मासळीचा व्यवहार पाहिलेल्या माणसाला ही अडचण वेगळी सांगायला नको. ग्लासगोहून फोर्ट विल्यमपर्यंतची वेस्ट हायलँड रेल्वे ऑगस्ट १८९४ मध्ये सुरू झाली, पण ती सागरी मासेमारीच्या खुल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचत नव्हती. पुढचा मॅलेगपर्यंतचा टप्पा विरळ वस्तीतून आणि कठीण खडकातून जाणार होता. त्यात नफा होणार नाही, हे उघड होते.

म्हणून सरकारने या मार्गाला आर्थिक हमी द्यावी असा प्रस्ताव पुढे आला. खासगी रेल्वे कंपनीला सरकारी तिजोरीतून आधार देणे त्या काळी अनेकांना पटणारे नव्हते, त्यामुळे संसदेत त्यावर मोठी खडाजंगी झाली. शेवटी १८९६ साली कायदा मंजूर झाला. २ लाख ६० हजार पौंडांच्या भांडवलावर तीन टक्के परताव्याची हमी आणि मॅलेगच्या बंदरासाठी ३० हजार पौंडांचे अनुदान, अशी तरतूद झाली. जानेवारी १८९७ मध्ये कामाला सुरुवात झाली.

भारतात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती, हे रेल्वेच्या इतिहासाच्या अभ्यासकांना आठवेल. पण दोन्ही हमींमागचा हेतू वेगळा होता. तिथे गुंतवणूकदारांचे भांडवल वसाहतीत ओढायचे होते. इथे मागे पडलेल्या मुलखाला बाजारपेठेशी जोडायचे होते.

दगड सोडून काँक्रीट का?

या मार्गाचे अभियंते होते सिम्पसन अँड विल्सन आणि कंत्राटदार होते रॉबर्ट मॅकअल्पाइन. मॅकअल्पाइन १८४७ साली स्कॉटलंडमधल्या एका खेड्यात जन्मले. दहाव्या वर्षी शाळा सोडून ते कोळशाच्या खाणीत कामाला लागले, पुढे गवंडीकाम शिकले आणि स्वतःच्या हिमतीवर मोठे कंत्राटदार झाले. काँक्रीटवर त्यांचा इतका भरवसा होता की लोक त्यांना 'काँक्रीट बॉब' म्हणू लागले.

त्या काळी रेल्वेच्या कमानी पूल म्हणजे घडीव दगडाचे किंवा विटांचे असत. आपल्याकडे बोरघाटात आणि थळघाटात १८५० आणि १८६० च्या दशकांत दगडी कमानींचे पूल उभे राहिले, कारण सह्याद्रीचा काळा दगड तिथेच मिळत होता आणि तो घडवणारे हातही मुलखात होते. मॅलेगच्या मार्गावर खडक विपुल होता, पण अतिशय कठीण. सुरुंगाने तो फुटे, मात्र छिन्नीला दाद देत नसे आणि त्यातून बांधकामाचे चौकोनी चिरे निघत नसत. लांबून घडीव दगड आणायचा तर वाहतुकीचा खर्च झेपणारा नव्हता.

मॅकअल्पाइन यांनी या अडचणीतच मार्ग शोधला. मार्ग खोदताना डोंगरातून निघणारा फुटका खडक फेकून देण्याऐवजी त्याची खडी करायची, तिच्यात सिमेंट आणि वाळू मिसळायची, लाकडी साचे उभारायचे आणि पूल जागेवरच ओतायचा. ज्या खडकाने वाट अडवली होती, त्याचाच पूल झाला. या एका निर्णयामुळे मॅलेगचा मार्ग काँक्रीटच्या बांधकामाच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. याच मार्गावर बोरोडेल इथे ३८ मीटरांहून लांब गाळ्याची काँक्रीटची कमान उभी राहिली. साध्या काँक्रीटची एवढी मोठी कमान तोवर जगात कुठेही नव्हती.

पुलाचे आकडे

ग्लेनफिननच्या पुलाला २१ कमानी आहेत. प्रत्येक कमानीचा गाळा ५० फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर. एकूण लांबी ३८० मीटर. दरीच्या तळापासून पुलाची सर्वाधिक उंची १०० फूट, म्हणजे सुमारे ३० मीटर, साधारण दहा मजली इमारतीएवढी. दोन्ही कठड्यांमधली रुंदी अवघी साडेपाच मीटर. वर एकच रूळमार्ग आहे.

पुलाचे काम जुलै १८९७ मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर १८९८ पर्यंत, म्हणजे सव्वा वर्षात, पूर्ण झाले. खर्च आला १८,९०४ पौंड. मार्गावरचे अकरा बोगदे आणि बाकीचे पूल पूर्ण व्हायला आणखी वेळ लागला, त्यामुळे पहिली प्रवासी गाडी १ एप्रिल १९०१ रोजी धावली.

सळईशिवाय तो उभा कसा?

आजचे काँक्रीट म्हटले की डोळ्यांपुढे आधी सळयांचा सांगाडा येतो. ग्लेनफिननच्या काँक्रीटमध्ये सळई नाही. अशा बांधकामाला भरीव किंवा साधे काँक्रीट म्हणतात.

काँक्रीटला दाबले तर ते प्रचंड भार सोसते, पण ताणले तर लवकर तडकते. सरळ तुळईवर भार आला की ती खाली वाकते. तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. म्हणून तुळईच्या खालच्या बाजूला सळई घालावी लागते. कमानीचे गणित निराळे आहे. कमानीवर पडलेला भार तिच्या वळणातून दोन्ही बाजूंना सरकत खाली खांबांत आणि तिथून जमिनीत उतरतो. या सगळ्या प्रवासात काँक्रीट मुख्यतः दाबलेच जाते, ताणले जात नाही. म्हणजे काँक्रीटला जे उत्तम जमते, तेवढेच काम कमानीने त्याच्याकडून करून घेतले.

याचा एक मोठा फायदा पुढच्या काळात दिसला. सळई असलेल्या काँक्रीटमध्ये पाणी मुरले की लोखंड गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. समुद्राकडून येणाऱ्या सततच्या पावसात सळयांच्या पुलाला या गंजाचा धोका कायम राहिला असता. इथे गंजायला आत काही नाही. पाणी मुरण्याचा आणि पृष्ठभाग झिजण्याचा त्रास मात्र आहेच. म्हणून पुलाची डागडुजी वेळोवेळी होत असते. २०२४ मध्येही असेच मोठे काम हाती घेतले गेले.

वळण कशासाठी?

पुलाचे सौंदर्य त्याच्या वळणात आहे. पण ते वळण सौंदर्यासाठी घेतलेले नाही. रेल्वेगाडी मोटारीसारखी तीव्र चढ चढू शकत नाही, आणि काटकोनात वळूही शकत नाही. सरोवराच्या तोंडाशी दरी रुंद आणि सखल आहे. मार्ग थोडा दरीच्या आत नेला तर ती अरुंद होते. म्हणून मार्ग पूर्वेच्या उतारावरून आत शिरतो, सुमारे २४१ मीटर त्रिज्येच्या वळणाने दरी ओलांडतो आणि पश्चिमेच्या उतारावरून बाहेर येतो.

या वळणामुळे प्रवाशांचा एक लाभ झाला. मागच्या डब्यात बसलेल्यालाही खिडकीतून आपल्याच गाडीचे इंजिन पुलावरून जाताना दिसते.

ज्यांनी तो बांधला ते हात

मॅलेगच्या मार्गावर हजारो मजूर राबले. हायलँडर होते, स्कॉटलंडच्या दक्षिणेकडचे होते, आयरिश होते, स्कँडिनेव्हियातून आलेलेही होते. पावसाळी, ओलसर, वस्तीपासून दूर असलेल्या डोंगरात लाकडी छपऱ्यांतून ते राहत. काम मुख्यतः सुरुंग लावायचे आणि फुटलेला खडक हलवायचे.

सुरुंगाच्या कामातला धोका कंत्राटदाराच्या घरापर्यंतही पोहोचला. मॅकअल्पाइन यांचा मुलगा मॅल्कम, जेमतेम विशीतला, बोरोडेलजवळ स्फोटात गंभीर जखमी झाला. ग्लासगोचे नामवंत शल्यविशारद विल्यम मॅकइवन यांनी थेट डोंगरात येऊन त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. मग मजुरांनी पाळीपाळीने स्ट्रेचर वाहत त्याला खडतर वाटेने बाहेर काढले. मॅल्कम वाचला.

याच मॅल्कमची आणखी एक हकिकत सांगतात. दातांच्या डॉक्टरकडे गेला असताना तिथले छिद्र पाडण्याचे यंत्र पाण्याच्या जोरावर फिरताना त्याने पाहिले. खडकात सुरुंगाची भोके पाडायला हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरता येईल, असे त्याच्या मनात आले. पुढे मार्गावरच्या एका सरोवराच्या पाण्यावर चक्र बसवून दाबाखालची हवा तयार केली गेली आणि तिच्यावर छिद्रणयंत्रे चालवली गेली. त्यामुळे खडक फोडण्याचे काम झपाट्याने पुढे सरकले.

खांबातला घोडा

पुलाविषयी एक दंतकथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जात होती. बांधकाम चालू असताना खडी ओतायला आलेली घोडागाडी, घोड्यासकट, एका पोकळ खांबात कोसळली आणि तिथेच गाडली गेली, अशी ती कथा.

स्थापत्य-इतिहासाचे अभ्यासक रोलंड पॅक्स्टन यांनी १९८७ साली तिचा छडा लावायचे ठरवले. ग्लेनफिननच्या पुलात घोडा मावेल एवढे मोठे खांब दोनच आहेत. त्यांना भोके पाडून विस्तृत कोनाचा कॅमेरा आत सोडला. काहीच सापडले नाही. पण स्थानिक लोकांच्या बोलण्यात आणखी एका पुलाचे नाव येत होते. ग्लेनफिननच्या पुढे, याच मार्गावर, समुद्रकाठी लॉख नान उआम इथे आठ कमानींचा पूल आहे आणि त्याच्या मधोमध एक जाडजूड खांब आहे. १९९७ साली तिथे कॅमेरा सोडला तर आत नुसता दगडगोट्यांचा भराव दिसला. शेवटी २००१ साली भरावाच्या आत पाहू शकणाऱ्या स्कॅनिंग यंत्रांनी तपास केला, आणि त्या खांबात घोडा व गाडी असल्याचे दिसून आले.

लोकांच्या आठवणीत घटना खरी होती, फक्त जागा बदलली होती. अधिक देखण्या आणि प्रसिद्ध पुलाने शेजारच्या पुलाची गोष्ट आपल्याकडे ओढून घेतली होती. ग्लेनफिननच्या पुढे प्रवास करणाऱ्याने लॉख नान उआमचा पूल ओलांडताना त्या मुक्या जनावराची आठवण जरूर ठेवावी.

वाफेची गाडी आणि चित्रपट

१९६० च्या दशकात इथली वाफेची इंजिने बंद होऊन डिझेल आले. १९८४ साली पर्यटकांसाठी वाफेची गाडी पुन्हा सुरू झाली. तीच आता 'जॅकोबाइट' नावाने ओळखली जाते. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर या काळात ती फोर्ट विल्यम ते मॅलेग जाते आणि परत येते.

२००२ साली हॅरी पॉटर मालिकेतला दुसरा चित्रपट आला. उडणारी मोटार आणि तिच्या मागोमाग पुलावरून येणारी लाल गाडी हे त्यातले दृश्य इथले. नंतरच्या भागांतही पूल दिसला, आणि ग्लेनफिननची वर्दळ कायमची बदलली. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधी सांगून ठेवावी. चित्रपटातले लाल इंजिन 'ओल्टन हॉल' हे होते. जॅकोबाइट गाडीला बहुतेक वेळा 'ब्लॅक फाइव्ह' जातीचे काळे इंजिन असते. तेही तितकेच अस्सल आहे.

कसे पोहोचाल?

भारतातून जाणाऱ्याला ब्रिटनचा प्रवासी व्हिसा लागतो. विमानाने ग्लासगो किंवा एडिंबरा गाठावे. ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनातून फोर्ट विल्यममार्गे मॅलेगला जाणाऱ्या नेहमीच्या गाड्या आहेत आणि त्या ग्लेनफिननला थांबतात. हा संपूर्ण प्रवासच पाहण्याजोगा आहे. वाटेत रॅनक मूर ही विस्तीर्ण दलदल लागते. तिथे रुळांखालचा भराव टिकेना, म्हणून झुडपांच्या फांद्यांच्या थरांवर मार्ग तरंगता ठेवला आहे. लंडनहून येणाऱ्यांसाठी युस्टन स्टेशनातून फोर्ट विल्यमपर्यंत रात्रीची शयनयान गाडीही आहे.

जॅकोबाइटचे तिकीट महाग असते आणि मोसमात बरेच आधी संपते. जुन्या डब्यांच्या दारांच्या सुरक्षेच्या प्रश्नावरून अलीकडच्या वर्षांत तिच्या फेऱ्यांत खंडही पडला आहे. त्यामुळे चालू वर्षाचे वेळापत्रक पाहूनच बेत आखावा. ते तिकीट मिळाले नाही तर हळहळू नये. नेहमीची प्रवासी गाडी त्याच रुळांवरून, त्याच पुलावरून, बऱ्याच कमी पैशांत नेते. मॅलेगकडे जाताना डाव्या हाताची खिडकी धरावी. वळणाची आतली बाजू तीच आहे आणि सरोवरही त्याच बाजूला दिसते.

मोटारीने जाणार असाल तर फोर्ट विल्यमहून ए-८३० हा रस्ता घ्यावा. मात्र ग्लेनफिननचे वाहनतळ छोटे आहेत आणि उन्हाळ्यात गाडीच्या वेळेआधीच भरून जातात. रस्त्याच्या कडेला मोटारी लावल्यामुळे गावकऱ्यांची आणि रुग्णवाहिकांची वाट अडते. रेल्वेने जाणे हाच इथे सभ्य मार्ग आहे.

पूल कुठून पाहावा?

पूल निदान तीन जागांवरून पाहावा. प्रत्येक जागी तो वेगळा दिसतो.

पहिली जागा पुलाच्या खाली. पर्यटक केंद्रापासून दरीत जाणारी सपाट वाट थेट खांबांपाशी नेते. इथे काँक्रीटवर साच्याच्या फळ्यांचे आडवे ठसे अजून दिसतात. खांबाजवळ उभे राहून मान वर केली की उंचीचा खरा अंदाज येतो.

दुसरी जागा पश्चिमेच्या उतारावर. पुलाखालून वर चढणारी पायवाट इथे येते आणि पुढे स्टेशनापर्यंत जाते. वळणाची पूर्ण कमनीयता इथूनच दिसते. बहुतेक प्रसिद्ध छायाचित्रे याच बाजूची आहेत. स्टेशनावर उतरणाऱ्याने उलट दिशेने चालत यावे, साधारण अर्ध्या तासाची चाल आहे. वाट चढउताराची आणि ओली असते, म्हणून पायात पकड घेणारे बूट हवेत.

तिसरी जागा पर्यटक केंद्रामागची छोटी टेकडी. इथून एका बाजूला पूल आणि दुसऱ्या बाजूला लॉख शील, अशी दोन्ही दृश्ये मिळतात. थोडक्या वेळात आणि थोड्या चढात सगळा परिसर समजून घ्यायचा असेल तर ही जागा उत्तम.

वाफेच्या गाडीचे छायाचित्र घ्यायचे असेल तर ती मॅलेगकडे जाताना घ्यावे. पुलानंतर स्टेशनापर्यंत चढ असल्याने इंजिनाला जोर लावावा लागतो आणि धूर भरपूर निघतो. शिवाय जाताना इंजिनाचे तोंड सहसा पुढे असते. परतीच्या वेळी तेच इंजिन बहुधा उलटे धावते.

स्टेशन आणि स्मारक

ग्लेनफिनन स्टेशनाची जुनी इमारत १९९१ पासून रेल्वेचे छोटे संग्रहालय आहे. तिकिटे, सिग्नलची यंत्रणा आणि मार्गाच्या बांधणीची माहिती तिथे जपली आहे. बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या जुन्या डब्यांत खानपानाची आणि मुक्कामाची सोय केलेली आहे.

सरोवराच्या काठावर १८१५ साली उभारलेला एक उंच मनोरा आहे आणि त्याच्या टोकावर हायलँडरचा पुतळा आहे. १९ ऑगस्ट १७४५ रोजी राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट याने इथे आपला झेंडा उभारला आणि ब्रिटनची गादी आपल्या घराण्याला परत मिळवून देण्यासाठी बंड पुकारले. त्याच्या पक्षाला जॅकोबाइट म्हणत. गाडीचे नाव त्यावरूनच आले. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत हे बंड चिरडले गेले आणि त्यानंतर हायलँड्सच्या जुन्या समाजरचनेवर सरकारने कठोर घाव घातले. मनोरा आणि पूल एकाच दरीत पाहताना या मुलखाच्या दोन शतकांचा धागा हाती लागतो.

केव्हा जावे आणि सोबत काय न्यावे?

मे आणि जून हे महिने चांगले. दिवस मोठा असतो, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. ऑगस्टमध्ये डोंगरउतारांवर हेदरची जांभळी फुले येतात. ऑक्टोबरमध्ये गवत आणि पाने तांबूस होतात आणि गर्दी ओसरते. हिवाळ्यात वाफेची गाडी नसते, दिवस अगदी लहान असतो, पण बर्फाळ डोंगरांपुढचा रिकामा पूल पाहायचा तर तेव्हाच.

पाऊस मात्र बारा महिने सोबत असतो. छत्री वाऱ्यात टिकत नाही. टोपीचा चांगला रेनकोट हवा. मे ते सप्टेंबर या काळात 'मिज' नावाची चिलटे थव्याने येतात आणि कडाडून चावतात. तोंडावर घ्यायची बारीक जाळी आणि अंगाला लावायचे मलम जवळ असावे. खाण्याचा डबा आणि पाणी बरोबर घ्यावे, कारण गाव लहान आहे. आपला कचरा मात्र बरोबर परत न्यावा.

रुळांपासून दूर राहा

पुलावरून पायी चालायला बंदी आहे. वर एकच रूळमार्ग आहे, रुंदी थोडी आहे आणि गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नाही. तरीही छायाचित्राच्या मोहाने काही जण रुळांवर जातात. वाफेच्या गाडीखेरीज नेहमीच्या प्रवासी गाड्याही दिवसभर येत-जात असतात, आणि वळणावर त्या उशिरा दिसतात. कुंपण ओलांडू नये, मुलांचा हात सोडू नये. हा नियम ग्लेनफिननला लागू आहे, तसाच दूधसागरला आणि आपल्या घाटांतल्या प्रत्येक पुलालाही.

पुढचा प्रवास

वेळ असेल तर ग्लेनफिननहून परत फिरू नये, मॅलेगपर्यंत जावे. लॉख नान उआमचा घोड्याचा पूल वाटेत लागतो. पुढे अरिसेग हे ब्रिटनच्या मुख्य भूमीवरचे सर्वात पश्चिमेचे रेल्वे स्टेशन आहे. मोरारला पांढऱ्या वाळूचे किनारे आहेत आणि जवळच लॉख मोरार हे ३१० मीटर खोल सरोवर आहे. ब्रिटनमध्ये याहून खोल गोडे पाणी नाही. मॅलेगहून बोटीने स्काय बेटावर जाता येते. ज्या बंदरासाठी हा सगळा खटाटोप झाला, ते मॅलेग १९६० च्या दशकात हेरिंगच्या मोठ्या बंदरांपैकी एक होते. आता तिथला हेरिंगचा व्यवहार ओसरला आहे, पण बंदर चालू आहे आणि रेल्वेही.

पाहून काय आणावे?

कोकण रेल्वेने रत्नागिरीजवळ पानवल नदीवर ६४ मीटर उंचीचा काँक्रीटचा पूल बांधला, त्याच्या शतकभर आधी ग्लेनफिनन उभा राहिला होता. पानवलच्या पुलावरून आपण रोज जातो आणि क्वचितच खिडकीबाहेर वाकून पाहतो. बोरघाटातल्या दगडी कमानींबद्दलही तेच. १८६७ च्या पावसाळ्यात त्या घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला होता आणि तो पुन्हा बांधावा लागला होता, हे आज फारच थोड्यांना ठाऊक आहे.

ग्लेनफिननच्या गावकऱ्यांनी आणि रेल्वेप्रेमींनी आपल्या पुलाची गोष्ट जपली. स्टेशनाचे संग्रहालय केले, पायवाट आखली, फलक लावले. स्कॉटलंडने पुलाला संरक्षित वास्तूंच्या पहिल्या श्रेणीत घातले, पण त्याला कामावरून निवृत्त केले नाही. आजही त्यावरून गाड्या धावतात. वास्तू जपायची याहून चांगली रीत नाही.

तेव्हा ग्लेनफिननला जा, वाफेची गाडी जरूर पाहा, आणि ती गेल्यावर थोडा वेळ थांबून खांबांपाशी उतरा. काँक्रीटवरचे फळ्यांचे ठसे हाताने चाचपा. आणि परत आल्यावर, पुढच्या वेळी इगतपुरी किंवा रत्नागिरीकडे जाताना, मुलांना खिडकीपाशी बसवून आपल्या पुलांचीही गोष्ट सांगा.